पाव मात्रेची लबाडी

संपादकांनी विषय दिला ‘व्हिडिओ गेम आणि मुलं’ आणि सोबत सूचना, तांत्रिक नको. म्हणजे २०२० साली पबजीवर बंदी आल्यापासून सगळीकडे छापून येतो तोच लेख पुन्हा लिहायचा. तो मी लिहिणार नाही. माझं काम संगणकातल्या आवाजाचं, म्हणून एकाच गेमबद्दल बोलतो : ‘चाइल्ड ऑफ ईडन’. जपानच्या तेत्सुया मिझुगुची यांनी क्यू एंटरटेनमेंटमध्ये घडवलेला आणि युबिसॉफ्टने जून २०११मध्ये एक्सबॉक्स ३६०वर आणलेला. प्रकार नेमबाजीचा, पण हातात काही धरायची गरज नाही. किनेक्ट नावाचा सेन्सर शरीराकडे बघतो, आपण टीव्हीसमोर उभं राहून हात हलवायचे. एक हात पडद्यावरच्या आकृत्यांवरून फिरवून एका वेळी आठपर्यंत निशाणे धरायचे, हात पुढे झटकला की मारा सुटतो. दुसऱ्या हाताने सलग गोळीबार. दोन्ही हात वर केले की सगळा पडदा साफ. ‘शेवटी गोळ्याच ना?’ असं विचारणाऱ्यांसाठी : इथे मरतात ते विषाणू. अंतराळात जन्मलेल्या पहिल्या मुलीच्या, ल्यूमीच्या, जपून ठेवलेल्या आठवणींना लागलेली ही कीड आहे. ती धुतली की फुलं उमलतात, प्रकाशाचा देवमासा फिनिक्स होऊन उडतो. रक्ताचा थेंब नाही. हा आक्षेप इथेच संपतो.

या सौंदर्यावर भरपूर लिहिलं गेलंय. कॅन्डिन्स्कीच्या चित्रांचं नाव तर मिझुगुचींच्या २००१ सालच्या ‘रेझ’ या गेमपासून या घराण्याला चिकटलेलं आहे. खरी कारागिरी मात्र दिसत नाही, ऐकू येते. प्रत्येक निशाणा धरताना आणि फुटताना एक स्वर किंवा बोल वाजतो आणि तो चालू गाण्याच्या लयीतच वाजतो. कसा? आपण हात कधीही झटकला तरी गेम आवाज लगेच सोडत नाही. मात्रेचा पुढचा छोटा भाग येईपर्यंत तो दाबून धरतो. मिनिटाला १२० मात्रांची लय धरा. एक मात्रा ५०० मिलिसेकंदांची, तिचा पाव भाग १२५चा. थांबणं फार तर तेवढंच, एका पापणीच्या लवण्याइतकं. तेवढ्यात आपला बेताल हात तालात येऊन बसतो. (तांत्रिक नको म्हणाले होते. पण हे वगळलं तर उरतात नुसती रंगीत चित्रं.)

गंमत अशी की या थांबण्याने यंत्राचंही व्यंग झाकलं जातं. किनेक्टचा कॅमेरा सेकंदाला तीस चित्रं घेतो. म्हणजे दोन चित्रांमध्येच ३३ मिलिसेकंद गेले. मग त्या चित्रातून हात कुठला हे ओळखणं, मग पडद्यापर्यंत पोचणं. हात आणि परिणाम यांच्यात सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास अंतर पडतं. तबलजीला इतकं अंतर द्या, तो बायां उचलून घरी जाईल. हातांनी खेळायचे बरेच गेम इथेच मेले. मिझुगुचींच्या गेममध्ये मात्र आवाज मुळातच मात्रेची वाट बघत असल्यामुळे यंत्राचा बराचसा उशीर त्या वाट बघण्यात मुरतो.

आता जाणकारांचा आक्षेप : ही लबाडी आहे. वाजवतो संगणक, वाटतं आपण वाजवलं. हा वाद मी सहजी सोडणार नाही, कारण आक्षेप घेणारे अर्धंच बघतात. आठही निशाणे धरून ते ठेक्यावर सोडले तर गेम जादा गुण देतो, ठेका चुकला तर देत नाही. म्हणजे आपली चूक त्याला कळलेली असते. कानाला माफी, गुणांत नोंद. दुसरं, नवख्याला तालाने उचलून घेणं ही लबाडी असेल तर सामुदायिक संगीत सगळंच लबाड ठरेल. चोपड्याच्या उत्तरेला सातपुड्यात होळीआधी भोंगऱ्या बाजार भरतो. तिथे मोठे ढोल वाजू लागले की नवख्याचे पाय सरावाशिवायही ठेक्यात पडू लागतात. ‘रेझ’मागच्या प्रेरणांमध्ये मिझुगुची केनियातल्या रस्त्यावरच्या वादकांची एक चित्रफीत सांगतात : कुणी तरी वाजवतो, दुसरा उत्तर देतो, बघणारे त्यात सामील होतात. त्यांना हेच दिवाणखान्यात आणायचं होतं. शरीर हललं की नाद व्हायलाच हवा ही कल्पना तर लेझीम खेळणाऱ्याला वेगळी शिकवायला नको.

तरी एक शंका मला सोडत नाही. लेझीम चुकली तर तिची झांज भलत्या वेळी खणखणते, शेजारचा वळून बघतो, पुढच्या फेरीला मनगट सुधारतं. हलगी कुणासाठी थांबत नाही. हा गेम थांबतो. स्वतःची बेताल टाळी इथे कधीच कानावर पडत नाही, म्हणून ताल शिकवण्याचं साधन म्हणून मी त्याची शिफारस करणार नाही. तालाच्या आत असणं म्हणजे काय, हे ज्याला कधीच अनुभवता आलेलं नाही त्याला ते चाखवण्याचं साधन म्हणून मात्र याच्या तोडीचं दुसरं मला माहीत नाही. अवघे पाच विभाग, एका संध्याकाळीत संपतो, ही तक्रारही खरी आहे. मैफल किती तास चालली यावरून आपण गवयाची किंमत करत नाही, एवढंच त्यावर म्हणेन.

किनेक्टचं उत्पादन मायक्रोसॉफ्टने २०१७मध्ये बंद केलं. कंट्रोलर हातात धरूनही हा गेम खेळता येतो, पण मग अर्धा जीव जातो. तेव्हा दिवाळीच्या आवराआवरीत कुणाच्या माळ्यावर जुना एक्सबॉक्स ३६० आणि त्याचा तो लांबट काळा सेन्सर सापडला, तर एवढं करा : भंगारवाल्याला देऊ नका.