विळ्याच्या नावाचं झाड

जिला उकडीच्या मोदकाची पारी करता येते, तिला फूरान लावता येतं. हे कुठल्या जपानी पुस्तकात लिहिलेलं नाही, पण मी छातीठोकपणे सांगते.

फूरान म्हणजे वाऱ्यावरची आमरी. जपानच्या उबदार भागांत जुन्या झाडांच्या फांद्यांवर, कधी खडकावर वाढणारं, वीतभरही उंची नसलेलं ऑर्किड. तोक्योत निशिकासाईला राहायला आल्यावर पहिल्याच वर्षी मी एक रोप आणलं आणि मारलं. दोष सवयीचा. सकाळी आंघोळ झाली की तुळशीला तांब्याभर पाणी घालायचं, हे हाताला इतकं वळण की या बिचारीलाही रोज अंघोळ घडायची. त्यात जूनमध्ये इथला पावसाळा लागला, त्सुयू. कुंडीतलं शेवाळ महिनाभर ओलंच राहिलं. एक दिवस पान सहज चाचपलं तर बुंध्यापासून अलगद हातात आलं. मग दुसरं. मग सगळीच.

कचऱ्याच्या दिवशी ती कुंडी घेऊन खाली गेले, तर तळमजल्यावरच्या आजोबांनी ती माझ्या हातातून काढून घेतली. त्यांनी शेवाळ उकरलं, काळी पडलेली मुळं पाहिली आणि फक्त म्हणाले, "फार प्रेम केलंत." पुढच्या मार्चमध्ये ते स्वतःच एक छोटं रोप घेऊन वर आले.

ओट्यावर वर्तमानपत्र अंथरलं. न्यूझीलंडहून वाळवून आलेलं लांब तंतूंचं शेवाळ आदल्या रात्रीच भिजत घातलं होतं, ते पिळून घेतलं. कुंडी काळी, पातळ, तीन पायांची, आणि बुडाला दोन बोटं आरामात जातील एवढं भोक. मला वाटलं फुटकीच आहे. आजोबांनी डाव्या हाताची दोन बोटं उभी धरली, त्यांवर शेवाळाचे तंतू एका दिशेने पसरत टोपी घातली. बाहेरून गोल, आतून पोकळ. त्या घुमटावर रोप घोड्यावर बसवावं तसं बसवायचं, मुळं चारी अंगांनी खाली सोडायची, वरून पुन्हा शेवाळाचा हलका पदर. मग बोटं हळूच काढून घ्यायची आणि सगळं कुंडीत उतरवायचं. कुंडीच्या काठावर शेवाळाची टेकडी येते, टेकडीच्या माथ्यावर रोप, आणि पोटात नुसती हवा.

मी म्हटलं, मला करू द्या. बोटं आत, अंगठा बाहेर, फिरवत फिरवत भिंत सारख्या जाडीची करायची, आणि कुठेही दाबायची नाही. ही पारीच की, फक्त उपडी. पहिल्याच खेपेला जमलं. आजोबांनी संशयाने विचारलं, आधी कुठे शिकलात? गणपतीचा नैवेद्य जपानीत समजावायला मला पाऊण तास लागला. त्यांना एवढंच कळलं असावं की आमच्याकडे एका देवाला शेवाळाच्या कुंड्या आवडतात.

आता पाण्याचा नियम बोटाला कळतो. वरचं शेवाळ कोरडं, हलकं लागलं की भरपूर पाणी, तोवर थेंब नाही. मुळांवर पांढरी, स्पंजासारखी साल असते. पाणी मिळताच ती डोळ्यांदेखत हिरवी होते. थंडीत पाणी जवळजवळ बंद. पानं सुरकुततात, जीव कासावीस होतो, पण थांबायचं. वसंतात ती पुन्हा भरतात. वर्षाला दोन-तीन नवी पानं, यापलीकडे या झाडाला कसलीही घाई नाही.

एदो काळात या झाडाचं वेड दरबारात शिरलं. अकरावे शोगुन तोकुगावा इएनारी (कारकीर्द 1787 ते 1837) त्याचे शौकीन होते, आणि सरदार लोक त्यांना दुर्मीळ रोपं नजर करत. झाडावर सोन्याची जाळी असे आणि बघणाऱ्याने आपला श्वास लागू नये म्हणून तोंडापुढे कागद धरायचा, असं सांगतात. निवडक जातींना नाव मिळालं फूकिरान, श्रीमंती आणि मानमरातबाची आमरी. गंमत म्हणजे फुलासाठी हे सगळं नव्हतंच. पान पाहायचं: चवळीच्या दाण्यासारखं आखूड की सुईसारखं, कडेला पांढरी किनार की मधून पट्टे. पान बुंध्याला जिथे जोडलं जातं ती रेघ पाहायची, चंद्रकोरीसारखी की डोंगरासारखी की सरळ. मुळाचं टोक हिरवं की माणकासारखं लाल. आजही फूकिरानच्या संस्थेची क्रमवारीची यादी निघते, ती थेट सुमोच्या पैलवानांच्या पत्रकासारखी छापलेली. मला या दरबारीपणाचं कौतुक आहे, पण फुलाला दुय्यम मानणं काही पटत नाही.

आणि या मानकऱ्याचं शास्त्रीय नाव काय? थुनबर्ग या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाने 1784 मध्ये त्याला "फलकाटा" म्हटलं, म्हणजे विळ्यासारखं वाकलेलं. पुढे त्याची बरीच कुळं बदलली. 1925 पासून ते निओफिनेशिया होतं, अलीकडे त्याला व्हँडा कुळात घातलं आहे. व्हँडा हा आपला संस्कृत "वन्दा". विल्यम जोन्सने तो शब्द उचलला, रॉबर्ट ब्राउनने 1820 मध्ये छापला. अमरकोशात वन्दाच्या शेजारी दोन शब्द बसलेत: वृक्षादनी आणि वृक्षरुहा. झाडाला खाणारी, आणि झाडावर उगवलेली. म्हणजे परक्याच्या फांदीवर कोणी दिसलं की ते फांदी खाणारच, हा संशय जुनाच.

आमच्या रत्नागिरीच्या बागेतही तो होता. पावसाआधी बाबा कोयती घेऊन कलमांवर चढायचे आणि बांडगुळं उतरवायचे. ते बरोबरच होतं; बांडगूळ फांदीत मुळं घुसवून रस पितं, कलम वाळवतं. पण त्याच सपाट्यात खोडाला नुसती मिठी मारून बसलेली रास्नाही खाली यायची, तपकिरी जाळीदार फुलांसकट. रास्ना व्हँडा कुळातलीच, फूरानची सख्खी म्हणावी अशी. ती आंब्याचं काही घेत नाही. पाऊस, दव आणि सालीवरची धूळ एवढ्यावर भागवते. आणि बांडगुळाचं शास्त्रीय नाव पाहिलं तर डेंड्रोफ्थोए फलकाटा. तोच विळा.

हे मी बाबांना फोनवर सांगितलं. पलीकडे बराच वेळ काही आवाज नाही. मग म्हणाले, "राजाने ठेवलंन बांडगूळ, आणि तू त्याला पाणी घालतेस."

"बाबा, बांडगूळ नाही ते."

"हो गं. मुळं आत जातात का बघायचं. आत जात नसतील तर राहू दे."

जंगलातलं फूरान लोकांनी इतकं ओरबाडलं की आज जपानच्या धोक्यातल्या वनस्पतींच्या यादीत त्याचं नाव आहे. माझं मात्र रोपवाटिकेत वाढलेलं. जुलैत त्याला पाच फुलं आली, पांढरी, प्रत्येकाला मागे बोटाच्या दोन पेरांएवढी वाकडी सोंड. सोंडेच्या टोकाशी मध, आणि तो लांब जिभेच्या पतंगांसाठी, म्हणून दिवसा वासाचा पत्ता नसतो. आमच्या तिसऱ्या मजल्यावर पतंग अजून फिरकलेला नाही. तुम्ही आलात तर संध्याकाळी सातनंतर या.