आमचे दिवाणजी

1 जुलै 2017 ला जीएसटी लागू झाला आणि सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या आमच्या टॉवेलच्या कारखान्यातला जुना संगणक एकदम कालबाह्य झाला. वडिलांनी डॉसवर चालणारा फॉक्सप्रोतला प्रोग्रॅम करून घेतला होता. 64 बिटच्या नव्या विंडोजवर तो थेट चालेना आणि नव्या कराचे रकाने त्यात नव्हतेच. नवं यंत्र आलं, टॅली आलं. उधारीची सगळी खाती मात्र जुन्या यंत्रात होती.

ती सुखरूप बाहेर आली आमच्या दिवाणजींमुळे.

दिवाणजी शहराच्या पूर्व भागातले, घरी तेलुगू बोलणारे पद्मशाली. संगणकाशी त्यांचं फारसं सख्य नव्हतं, पण पार्टीचं नाव घेतलं की तिचा सगळा व्यवहार त्यांच्यापुढे उभा राहायचा. संगणकवाल्या मुलाने डीबीएफ फाइलींतून पार्ट्यांची यादी एक्सेलमध्ये काढली, तर एकच दुकान वेगवेगळ्या स्पेलिंगांनी तीनदा. 2014 मध्ये गुलबर्ग्याचं कलबुर्गी झालं, तेव्हापासून तिकडची काही खाती दुहेरी. दिवाणजींनी यादी छापून घेतली आणि तांबड्या पेनाने खाती जोडत गेले. एका ठिकाणी मात्र थांबले. गाव एक, दुकानाचं नाव एक. मी म्हटलं, हीही एक करू या.

"नको ताई. हे दोघे भाऊ. वाटण्या झाल्यात त्यांच्या."

हे कुठल्या फाइलीत सापडणार होतं?

नुसती एकूण बाकी उचलून टाकली असती तर काम लवकर आटोपलं असतं. दिवाणजी ऐकेनात. पैसे कुठल्या बिलापोटी आले हे कळलं नाही तर वसुलीला तोंड उरत नाही, असं त्यांचं म्हणणं. म्हणून थकलेलं प्रत्येक बिल तारखेसकट नव्यात चढवलं. 30 जूनअखेरची तेरीज जुळली, तरी ते खातं न खातं ताडून पाहत राहिले.

सर्वांत मोठा घोटाळा त्यांनी चाचणीच्या बिलावरच पकडला. तेव्हा नगाला हजार रुपयांपर्यंतच्या टॉवेलवर 5 टक्के कर होता, त्यावरच्या किमतीला 12. आमचा भाव डझनाचा आणि जुन्या यादीतून तो तसाच उतरला होता. बाराशे रुपये डझनाचा, म्हणजे शंभर रुपयांचा टॉवेल 12 टक्क्यांत जाऊन बसला होता. ते बिल तसंच गेलं असतं तर जुनी गिऱ्हाइकं आमच्यापासून तुटली असती.

संगणकवाल्याच्या बिलात यंत्राची किंमत होती, परवान्याची होती, डेटा उतरवण्याचा आकारही होता. दिवाणजींच्या कामाची ओळ कुठेच नव्हती, आणि खरं काम तर त्यांचं होतं. ज्यांच्या पेढीची खाती अजून जुन्या यंत्रात आहेत, त्यांनी ती उतरवताना आपल्या दिवाणजींना शेजारी बसवावं आणि त्या कामाचे पैसे पगाराव्यतिरिक्त, वेगळे द्यावेत.