पहाटे काढलेला मास्क

स्लीप अ‍ॅप्नियाचं (झोपेत श्वास अडण्याच्या विकाराचं) निदान होतं, मास्कमधून हवेचा दाब देऊन गळा उघडा ठेवणारं सीपॅप मशीन घरी येतं आणि महिन्याभरात रुग्णाला एका आकड्याचा नाद लागतो. पडद्यावर किंवा मोबाईलवर रोज सकाळी दिसणारा हा एएचआय म्हणजे तासाला सरासरी किती वेळा श्वास थांबला किंवा उथळ झाला याचा हिशेब. निदान १० सेकंद अडथळा आला तरच ती घटना मोजतात. ५ च्या आत असेल तर चिंता नाही, १५ पर्यंत सौम्य, ३० पर्यंत मध्यम, त्यापुढे तीव्र. स्लीप स्टडीत ४० असलेला आकडा मशीन लावल्यावर २ वर आला की घरादाराला हायसं वाटतं. तरीही हा माणूस दुपारी टेबलावर पेंगतोच, आणि मग दोष मशीनला, वयाला किंवा थायरॉइडला दिला जातो. थायरॉइड जरूर तपासावं, पण आधी मास्क किती वाजता निघाला ते पाहावं.

मास्क चेहऱ्यावर असेपर्यंतच मशीनला काही कळतं. समजा, ११ वाजता मास्क लावला, ३ वाजता झोपेतच ओढून काढला आणि ६ वाजता जाग आली. पहिल्या ४ तासांत तासाला २ प्रमाणे ८ घटना झाल्या. पुढचे ३ तास गळा पुन्हा मोकाट. जुना ४० चा वेग धरला तर १२०. एकूण १२८, भागिले ७ तास, म्हणजे तासाला १८. पडद्यावर २ आणि शरीरात १८! हा हिशेबही उदार हाताने केलेला आहे, कारण रात्रीचे सगळे तास सारखे नसतात. स्वप्नांची, म्हणजे रेम झोप रात्रीच्या शेवटच्या तिसऱ्या हिश्श्यात जास्त असते. त्या वेळी घशाचे स्नायू सर्वांत ढिले पडतात, अडथळे लांबतात आणि ऑक्सिजन अधिक खाली जातो. मास्क निघतो तो नेमका याच वेळी. शिवाय मशीन मेंदूच्या लहरी मोजत नाही. मास्क लावून छताकडे बघत काढलेला तासही ते झोपेतच जमा करतं आणि सरासरी आणखी देखणी होते.

‘पण ४ तास पुरतात असं सांगितलं होतं,’ हा आक्षेप ठरलेला. या ४ तासांचं मूळ बघण्यासारखं आहे. १९९३ मध्ये अमेरिकेत नॅन्सी क्रिब्स आणि सहकाऱ्यांनी ३५ रुग्णांच्या मशीनमध्ये, त्यांना कळू न देता, वापर मोजणारं यंत्र बसवलं. नियमित वापर कशाला म्हणायचं? त्यांनी एक रेघ आखली: ७० टक्के दिवस, त्या दिवशी किमान ४ तास. निम्म्याहून कमी रुग्ण त्या रेघेपर्यंत पोहोचले, आणि स्वतःचा वापर लोक वाढवून सांगतात हेही उघड झालं. पुढे अमेरिकेच्या सरकारी विम्याने मशीनचे पैसे देण्यासाठी जवळपास हीच अट घातली, आणि हिशेबनिसाची रेघ औषधाचा डोस म्हणून जगभर फिरू लागली. २००७ मध्ये टेरी वीव्हर यांच्या गटाने डोसच्या अंगाने पाहिलं, तेव्हा रुग्णाला स्वतःला जाणवणारी पेंग ओसरायला साधारण ४ तास, प्रयोगशाळेत मोजलेली पेंग कमी व्हायला ६ आणि दिवसभराची कामं पूर्ववत व्हायला साडेसात तास, असं चित्र दिसलं. म्हणजे ४ तासांत पहिली सुधारते ती आपली समजूत.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘सेव्ह’ चाचणीत भारतासह सात देशांतल्या, हृदयविकार किंवा पक्षाघाताचा इतिहास असलेल्या २७१७ जणांना घेतलं होतं, आणि सीपॅपमुळे पुढचे झटके कमी झाले नाहीत. मग रात्रभर नळी कशाला बाळगायची? या चाचणीतला सरासरी वापर रात्री ३.३ तास होता, आणि अतिशय पेंगणाऱ्या रुग्णांना तिच्यात घेतलंच नव्हतं. एवढ्या वापरातही घोरणं, दिवसाची पेंग आणि मनःस्थिती सुधारली. अर्थात यावरून ६ तास वापरल्यास हृदय वाचेलच, असा उलटा निष्कर्षही निघत नाही. मशीन विकताना हार्ट अ‍ॅटॅकची भीती घालणाऱ्यांनी जपून बोलावं.

तास वाढवायचे असतील तर पहिला आठवडा सांभाळावा लागतो, कारण नियमित वापरणारे आणि टाळणारे यांच्या वाटा त्याच आठवड्यात वेगळ्या होतात. मास्कची जुळणी दुकानात खुर्चीत बसून केलेली असते. गाल आणि जबडा आडवं पडल्यावर वेगळे बसतात. म्हणून पट्टे आडवं पडून, हवा सुरू ठेवून लावावेत. मास्कच्या कडेला सिलिकॉनची पातळ झालर असते. ती हवेने फुगून त्वचेवर टेकली तरच गळती थांबते. हवा डोळ्यांत जायला लागली की माणूस पट्टा करकचून आवळतो, झालर चपटी होते, गळती वाढते, तो आणखी आवळतो, आणि सकाळी नाकावर लाल वळ उठतो. उपाय उलटा आहे: पट्टा सैल करा, मास्क किंचित पुढे ओढून पुन्हा टेकवा. गुदमरल्यासारखं वाटतं ते बहुधा प्रेशर जास्त असल्यामुळे नव्हे. सुरुवातीचं ४ सेंटिमीटरचं (पाण्याच्या उंचीत मोजलेलं) प्रेशर काहींना अपुरं पडतं आणि डॉक्टरांनी ते थोडं वाढवलं की श्वास मोकळा होतो. कोंडल्यासारखं होणाऱ्यांनी संध्याकाळी टीव्हीसमोर जागेपणी अर्धा तास मास्क लावून बसावं. नाक चोंदत असेल तर आधी नाकाचा इलाज. तोंडाने श्वास घेणाऱ्याच्या नाकावर छोटा मास्क चढवून काही साधत नाही.

आकड्यांच्या मागे लागून झोप उडते, हेही खरंच. म्हणून रोज नव्हे, आठवड्यातून एकदा पाहावं: एकूण झोपेपैकी किती तास मास्क होता, तो किती वाजता निघाला, गळती किती, आणि शेवटी एएचआय. जोडीला मेलबर्नच्या मरे जॉन्स यांची १९९१ ची एपवर्थ प्रश्नावली महिन्यातून एकदा भरावी. आठ प्रसंगांत डुलकी लागण्याची शक्यता किती, प्रत्येकी ० ते ३ गुण. बेरीज १० च्या वर गेली तर पेंग जास्त. (दुपारी आडवं झाल्यावर झोप लागते का, हाही त्यात प्रश्न आहे. महाराष्ट्रात त्याला ३ गुण जन्मसिद्ध असावेत.) वजन घटवलं की मशीन सुटेल का? काहींचं सुटतं, पण ते पुन्हा स्लीप स्टडी करून ठरवायचं. वजन उतरेपर्यंतच्या रात्री मशीनच्याच.

आणि जेवणानंतरच्या वामकुक्षीलाही मास्क लागतो.