आधी ऊब

कडा गावातली पौषाची रात्र कोरडी आणि बोचरी. ज्वारीच्या रानावरून आलेला वारा पत्र्याच्या फटीतून थेट आत घुसतो. अशाच एका रात्री नगरहून एसटीने मी एका दिवसाची 50 पिल्लं आणली. खोकं उघडून ती शेडमध्ये सोडली आणि मग दिवा लावला. खालचं भाताचं तूस गारठलेलं होतं. सकाळी सात पिल्लं उठली नाहीत.

आजी जवळ येऊन बसली. म्हणाली, "कोंबडी आधी ऊब धरती लेकरा, मग पिलू बाहेर येतं. तू उलटं केलंस."

खुडूक कोंबडी 21 दिवस अंड्यांवर बसते. तिच्या पोटाखालची पिसं झडतात, अंगाची ऊब थेट अंड्याला लागते. कवच फोडण्याआधी पिल्लू उरलेला बलक पोटात ओढून घेतं आणि त्यावर दोन-तीन दिवस काढतं. म्हणूनच ते खोक्यातून एवढ्या लांब येऊ शकतं. शिदोरी ते सोबत आणतं, ऊब मात्र त्याला आणता येत नाही.

पुढच्या खेपेला पत्र्याचं दीड फूट उंच गोल कडं केलं. कोपरा ठेवला नाही, कारण कोपऱ्यात पिल्लं एकमेकांखाली चेंगरतात. तूस अंथरलं, वर कागद घातला आणि आदल्या दिवशीच बल्ब लावला. पिल्लांच्या उंचीवर 35 अंश झाल्यावर खोकं उघडलं. एकेकाची चोच गुळाच्या कोमट पाण्यात बुडवली. रात्री वीज गेली, तेव्हा धूर निवलेली शेगडी आत ठेवून उजाडेपर्यंत बसून राहिलो. पिल्लं बल्बखाली ढीग करून बसली की त्यांना थंडी वाजते. चोच उघडी टाकून कडेला पळाली की उकडतं. सगळीकडे सारखी पसरून बारीक चिवचिवत राहिली, की समजावं, बरं चाललंय.

शेजारची दोन लेकरं रोज पिल्लं बघायला यायची. त्यांचे आईबाप ऊसतोडीला गेलेले. सातव्या दिवशी मानमोडीची लस डोळ्यात थेंबथेंब घालताना त्यांनीच एकेक पिल्लू ओंजळीत धरलं. दिवस कलला की त्यांची आजी हाक मारायची. तिने अंथरूण आधीच घातलेलं असायचं आणि गोधडीच्या घड्या उलगडलेल्या असायच्या. ती कारखान्यावरून आईला आणू शकत नव्हती, पण लेकरांना गार अंथरुणात शिरू देत नव्हती.

दर आठवड्याला बल्ब थोडा वर घेत गेलो, साधारण तीन अंश ऊब कमी होईल इतका. महिन्याभरात पिल्लांच्या अंगावर पिसं धरली आणि दिवा काढला.

तुम्ही पिल्लं आणणार असाल, तर आदल्या दिवशी दिवा लावा. तूस हाताला कोमट लागलं, की मगच खोकं उघडा.