दोन चढत्या रेषा

बीटी कापूस आला आणि आमच्याकडे विदर्भात शेतकरी आत्महत्या वाढल्या, असं मी कितीतरी वर्षं ठामपणे सांगत असे. कॉलेजात संख्याशास्त्र शिकवलेला माणूस सांगतोय म्हटल्यावर लोक मान डोलवत. माझ्याकडे आलेखही होता. खाली वर्षं, वर एक रेष बीटीच्या पेऱ्याची, दुसरी आत्महत्यांची, दोन्ही चढत्या. हिंगणघाटच्या बाजारात चुकाऱ्याची वाट पाहणाऱ्या शेतकऱ्याला त्या रेषांचा अर्थ वेगळा सांगावा लागत नसे. आता मी तो आलेख दाखवत नाही. म्हणून मी बियाणं कंपन्यांच्या बाजूला गेलो, असं मात्र कुणी समजू नये. त्यांचाही उत्पादनाचा एक चढता आलेख आहे, आणि त्याच्यावरूनही माझा विश्वास उडाला आहे.

खरं तर हा धडा मीच वर्गात शिकवायचो. युल नावाच्या ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञाने १९२६ साली दाखवून दिलं होतं की, १८६६ ते १९११ या काळात इंग्लंडमधलं मृत्युमान आणि चर्च ऑफ इंग्लंडच्या विधीने लागणाऱ्या लग्नांचं प्रमाण यांचा सहसंबंध तब्बल ०.९५ भरतो. म्हणजे चर्चमधली लग्नं कमी केली की माणसं जगतात! पोरं हसायची, मीही हसायचो. काळाबरोबर एकाच दिशेने सरकणाऱ्या कोणत्याही दोन गोष्टी अशा एकमेकींच्या नातेवाईक दिसतात. माझ्या आलेखाच्या वर्षांत आमच्या जिल्ह्यात मोबाइलचे टॉवरही वाढले होते. पण इंग्लंडच्या लग्नांना हसणं सोपं. आपल्या रागाला पुरावा देणाऱ्या आलेखाकडे तसं कोण बघतो?

माझा आलेख २००२ पासून सुरू व्हायचा, कारण बीटीला परवानगी त्या वर्षी मिळाली. सगळी मेख तिथेच होती. मुंबईच्या इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेतले श्रीजित मिश्र यांनी महाराष्ट्रातल्या पुरुष शेतकऱ्यांमधलं आत्महत्येचं प्रमाण काढलं होतं. १९९५ मध्ये लाखामागे १५, आणि २००४ मध्ये ५७. ही चढण बीटीच्या कितीतरी आधी सुरू झालेली. २००४ मध्येसुद्धा देशातल्या कापसाच्या सहा टक्क्यांच्या आसपासच क्षेत्र बीटीखाली होतं. माझी रेष सात वर्षं मागे नेली असती, तर माझं भाषण तिथेच संपलं असतं. त्या सात वर्षांत काय काय झालं हे वर्धेच्या माणसाला सांगायला नको: कापसाचे भाव पडले, १९७२ पासूनची एकाधिकार खरेदी खिळखिळी झाली, बँकेने दार लावलं की सावकाराचं उघडंच होतं, आणि वावर आहे तसं कोरडवाहूच राहिलं.

मिश्र यांनी आणखी एक काम केलं, आणि माझ्यावर जास्त परिणाम त्याचा झाला. वर्धा, वाशीम आणि यवतमाळ या जिल्ह्यांत आत्महत्या झालेली १११ घरं आणि तशाच परिस्थितीतली, पण आत्महत्या न झालेली १०६ घरं त्यांनी शेजारी ठेवून पाहिली. कर्जाचा बोजा जास्त असलेल्या घरांना धोका जास्त, हे अपेक्षितच होतं. पण दावणीला बैल असलेल्या घरांना तो बराच कमी होता. माझ्या आलेखात बैल कुठेच नव्हता. जिल्ह्याच्या आकड्यात तो दिसणारच नाही. त्यासाठी घरापर्यंत जावं लागतं.

तरी ही पाहणी घटना घडून गेल्यानंतरची. घर आधी कसं होतं, कर्ज कोणत्या हंगामात वाढलं, बैल कधी विकला, हे नंतर विचारून नीट कळत नाही. त्यासाठी तीच घरं वर्षानुवर्षं पाहावी लागतात.

तसा अभ्यासही झाला, आत्महत्यांचा नाही, पण बीटीच्या उत्पादनाचा आणि नफ्याचा. काठागे आणि काइम या जर्मनीतल्या संशोधकांनी महाराष्ट्रासह चार राज्यांतली ५३३ शेतकरी घरं २००२ ते २००८ पर्यंत पुन्हा पुन्हा पाहिली. बीटी लावणाऱ्यांचं एकरी उत्पादन २४ टक्क्यांनी आणि नफा ५० टक्क्यांनी वाढल्याचं त्यांनी २०१२ मध्ये मांडलं. मला ते पचायला जड गेलं, पण पद्धत माझ्यापेक्षा बरी होती हे मान्य करणं भाग होतं. पुढे २०२० मध्ये नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे माजी संचालक केशव क्रांती आणि ग्लेन स्टोन यांनी वीस वर्षांचा हिशेब मांडला, आणि कंपन्यांची रेषही डळमळली. देशाची हेक्टरी रुई २००२-०३ मध्ये ३०२ किलो होती, २००४-०५ मध्येच ४७० झाली, म्हणजे बीटीचा पेरा जेमतेम असताना. २००७-०८ मध्ये ५५४ किलोवर गेली, आणि पुढे नव्वद टक्क्यांवर बीटी असूनही घसरली. खतांचा वाढता वापर आणि नवी कीटकनाशकं त्या वाढीच्या मागे मोठ्या प्रमाणावर होती. २०१७ मध्ये, बीटीने जिला रोखायचं त्या गुलाबी बोंडअळीने विदर्भात काय केलं ते आपण बोंडं फोडून पाहिलं आहे. २००८ ला थांबलेल्या अभ्यासाला ती अळी दिसणं शक्यच नव्हतं.

म्हणून आता मी दोन्ही बाजूंना एकच विचारतो: तुमची रेष कोणत्या वर्षी सुरू होते, कोणत्या वर्षी थांबते, आणि त्या सगळ्या वर्षांत घरं तीच आहेत का?

तीच घरं वर्षानुवर्षं पाहणं जमत नाही असं नाही. इक्रिसॅट या कृषी संशोधन संस्थेने अकोला जिल्ह्यातल्या कंझऱ्यात १९७५ पासून हे सुरू केलं. सेवाग्रामच्या मेडिकल कॉलेजात प्रत्येक नवी तुकडी एक गाव दत्तक घेते, विद्यार्थ्यांना कुटुंबं वाटून दिली जातात आणि ते त्यांच्याकडे पुन्हा पुन्हा जातात. आमच्याकडे कृषी महाविद्यालयांचे विद्यार्थीही 'रावे'साठी, म्हणजे ग्रामीण कृषी कार्यानुभवासाठी, गावात येतात, बीजप्रक्रिया दाखवतात, अहवाल बांधून निघून जातात. पुढच्या वर्षीची तुकडी कोरी वही घेऊन नव्या घरी. प्राचार्यांना विनंती एवढीच आहे की, वही जुनीच द्या आणि घरंही तीच. बियाणं, कर्ज, पाऊस, बैल, चुकारा एवढे पाच रकाने पुरेत.