आखाल-तेके : काही टिपणं

काराकुमचं वाळवंट आणि कोपेतदागचे डोंगर यांच्यामधला हिरवा, चिंचोळा पट्टा म्हणजे तुर्कमेनिस्तानातला आखाल. तिथल्या तेके जमातीनं पिढ्यान्‌पिढ्या जपलेला घोडा तो आखाल-तेके. १८८१ मध्ये गोक-तेपेचा किल्ला पडला, मुलूख रशियाकडे गेला आणि या घोड्याची ख्याती दूरवर पोचली.

*

आधी नजरेत भरते ती झळाळी. केसाचा अपारदर्शक गाभा अगदी बारीक असतो, कुठे कुठे तर नसतोच. उजेड केसातून वळून बाहेर पडतो आणि सोनेरी घोडा उन्हात धातूसारखा चमकतो. १९५६ मध्ये सोव्हिएत नेत्यांनी इंग्लंडच्या राणीला मेलेकुश नावाचा असाच घोडा भेट दिला होता.

*

अंगावर फाजील मांस नाही. लांब पाय, उंच धरलेली मान, पातळ कातडी, विरळ आयाळ, लांबट डोळे. तापलेल्या वाळूत दूरवर जायचं तर असंच शरीर हवं.

*

मोठी कुरणं नव्हती. घोडा तंबूपाशी बांधलेला असे, घरच्यांच्या हातचं खाई. लसूणघास आणि जव, मोहिमेच्या दिवसांत मेंढीच्या चरबीत मळलेली भाकरी. अंगावर नमद्याची झूल. ही जात वाळवंटाइतकीच या माणसांनी घडवली, असं मला ठामपणे वाटतं.

*

१९३५. अश्काबादहून स्वार निघाले आणि ८४ दिवसांनी मॉस्कोला पोचले. अंतर चार हजार किलोमीटरांहून जास्त, वाटेत काराकुम. या जातीच्या चिवटपणाचा याहून मोठा दाखला मला ठाऊक नाही.

*

१९६०, रोम ऑलिंपिक. सेर्गेई फिलातोव्ह यांनी ड्रेसाजचं सुवर्णपदक जिंकलं ते आब्सेंटवर. हा घोडा काळा होता. सगळे आखाल-तेके सोनेरी नसतात.

*

या जातीत कधी कधी जवळजवळ केस नसलेलं शिंगरू जन्मतं आणि बहुधा फार जगत नाही. दोष आनुवंशिक आहे. नर-मादी दोन्ही वाहक असतील तरच तो प्रकटतो, आणि वाहक घोडा दिसायला अगदी धडधाकट असतो. संख्येनं लहान जातीत असे दोन वाहक एकत्र येण्याचा धोका मोठा.

*

२०२३ मध्ये या घोड्याच्या जोपासनेची कला युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली. गौरव योग्यच आहे. पण जात टिकवायची तर पैदास करणाऱ्यांनी रंगाला भुलू नये. जोडी लावण्याआधी जनुकीय चाचणी करावी आणि निवड दमसास पाहूनच करावी.