साखरखेर्ड्याची वाट

मलकापूरच्या स्टेशनावर उतरलो तेव्हा माझ्या खिशात एक पत्र होते. आमच्या कॉलेजातून नुकत्याच बी. ए. झालेल्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी ते लिहिले होते. मुलगा लष्करातील अधिकारीपदाची परीक्षा पास झाला, पायदळातच जातो म्हणतो, घरात एकुलता एक आहे, तुमचे तो ऐकेल, एवढाच मजकूर. या मुलाने मराठीत एम. ए. करावे अशी माझीही इच्छा होती. तेव्हा मी निव्वळ परोपकारासाठी निघालो होतो असे म्हणवत नाही.

एस. टी.ने मोताळा मागे टाकले आणि राजूरचा घाट सुरू झाला. या जिल्ह्याचे लोक स्वतःची ओळख करून देताना 'घाटाखालचा' की 'घाटावरचा' हे आधी सांगतात. घाट चढून गेले की त्याचे कारण कळते. खालची काळी, तापलेली कपाशीची जमीन सुटते आणि वर बुलढाण्याला वारा एकदम अंगाला गार लागतो. भिलांचे ठाणे ते भिलठाणा आणि त्याचेच पुढे बुलढाणा झाले, असे म्हणतात. पैनगंगा उगम पावते ती याच अजिंठ्याच्या डोंगरात. चिखली गाठून पुढे साखरखेर्ड्याला पोचलो तेव्हा ऊन उतरले होते. शिवारात सोयाबीनची सोंगणी संपत आली होती.

"सर, आमचं गाव इतिहासात आहे," असे सांगत मुलगा मला गावाबाहेर घेऊन गेला. आहे खरेच. ११ ऑक्टोबर १७२४ रोजी येथे निजामुल्मुल्क आणि हैदराबादचा सुभेदार मुबारिजखान यांची लढाई झाली. मुबारिजखान आपल्या दोन मुलांसह ठार झाला. गंमत अशी, की निजामाला दक्षिणेतून उखडण्यासाठी मुबारिजखानाला आतून फूस बादशहाचीच होती. आणि निजाम जिंकल्यावर पुढल्याच वर्षी त्याच बादशहाने त्याला 'आसफजाह' हा किताब दिला! निजामाने गावाचे नाव फत्तेखेर्डा ठेवले, पण लोकांनी साखर सोडली नाही.

मी हाच धागा धरला. म्हटले, "बघ, मानसन्मान असे असतात. मरणारा मरतो, किताब दुसऱ्याला मिळतो."

मुलगा हसला. "सर, मेजर सोमनाथ शर्मांबद्दल असं म्हणाल?"

आणि बांधावर बसून त्याने मला बडगाम सांगितले. वर्गात कधी इतके सलग बोललेला मला आठवत नाही. कुमाऊं रेजिमेंटच्या चौथ्या पलटणीचा हा मेजर दुसऱ्या महायुद्धात आराकानच्या जंगलात जपान्यांशी लढून आला होता. १९४७ च्या ऑक्टोबरअखेर त्याची कंपनी विमानाने श्रीनगरला निघाली, तेव्हा हॉकी खेळताना मोडलेला त्याचा हात प्लास्टरमध्ये होता. मागे राहा म्हटले तर ऐकेना. ३ नोव्हेंबरला बडगामला सुमारे सातशे हल्लेखोर तिन्ही बाजूंनी चालून आले. एकास सात असे ते प्रमाण. ती टेकडी गेली असती तर श्रीनगरचा विमानतळ गेला असता, आणि कुमक उतरणार होती ती तेथेच. धडक्या हाताने काडतुसे भरून तो ब्रेनगनवाल्यांना देत राहिला. शत्रू पन्नास यार्डांवर आला आहे, पण आपण मागे सरणार नाही, असा निरोप त्याने पाठवला आणि थोड्याच वेळात शेजारच्या दारूगोळ्यावर तोफगोळा पडला. देह तीन दिवसांनी हाती आला. खिशातल्या गीतेच्या पानांवरून ओळख पटली, असे सांगतात. त्याच्या कंपनीतले वीसएक जण तेथेच पडले, पण विमानतळ राहिला.

मुलाला ठाऊक नव्हते ते आता मला सांगावेच लागले. निजामाचे इंग्रजांनी शिकवलेले सैन्य, म्हणजे कंटिन्जंट, होते. तिच्या खर्चाचे कर्ज फिटेना म्हणून १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड कंपनीच्या हवाली केले. १९०२ मध्ये तर वर्षाला २५ लाखांवर ते कायमचे इंग्रजांकडे गेले. म्हणजे पन्नास वर्षे या शिवाराचा सारा त्या पलटणींच्या पगाराला गेला. आपल्या एलिचपूरच्या सलाबतखानाची ब्रिगेडही त्यांत मिसळलेली. पुढे त्यांची हैदराबाद रेजिमेंट झाली. तिच्या दुसऱ्या पलटणीचे तर नावच 'बेरार' होते. १९४५ मध्ये हैदराबाद हे नाव गेले आणि रेजिमेंट कुमाऊं झाली. सोमनाथ शर्मांची चौथी पलटण त्याच मुळातली.

"म्हणजे सर, आमच्याच ज्वारीवर..." एवढे म्हणून तो थांबला.

मी मूर्खासारखा पुढे बोलत गेलो. सोमनाथ शर्मांना १९५० मध्ये जे पहिले परमवीरचक्र जाहीर झाले त्याचे चित्र रेखले ते सावित्रीबाई खानोलकरांनी. जन्माने स्वित्झर्लंडच्या, लग्नाने आपल्या. दधीची ऋषींनी आपली हाडे दिली आणि इंद्राचे वज्र झाले, ती कथा त्यांनी त्या पदकात घातली. पुढे योग असा, की सोमनाथ हे बाईंच्याच थोरल्या मुलीचे दीर निघाले.

वडील केव्हा मागे येऊन उभे राहिले होते ते मला कळले नाही. मी समजूत घालायला आलो होतो आणि हे काय करून बसलो, असे मनात येऊन मला त्यांच्याकडे पाहवेना.

"त्या मेजरचं वय काय व्हतं?" त्यांनी विचारले.

"चोवीस," मुलगा म्हणाला.

"तुझ्यापेक्षा दोनच वर्सं मोठा." ते आणखी काही बोलले नाहीत. आभाळ भरून आले होते. सोयाबीनच्या गंजीवर ताडपत्री ओढायला ते निघाले. दुसरे टोक धरायला मुलगा धावला.

रात्रीच्या जेवणात भाकरी, वांग्याची भाजी आणि ठेचा होता. परीक्षेचा विषय कुणीच काढला नाही. मी एम. ए.चा काढला असता, पण घास गिळून गप्प बसलो.

सकाळी एस. टी. स्टँडवर पोचवायला वडील एकटेच आले. गाडी सुटायच्या बेतात असताना खिडकीशी येऊन म्हणाले, "सर, देहरादूनला जायला मलकापूरहून सरळ गाडी आहे का?"

"भुसावळला बदलावी लागेल," मी म्हणालो.